गॅरंटीतलं कुलूप

आमच्या दुकानाला कुलूप लागलं, ही बातमी गल्लीत पसरली तेव्हा लोक आधी हसले आणि मग विचारपूस करायला आले. मी त्यांना दोष देत नाही. किल्ल्या करणाऱ्यांच्या दुकानाला बाहेरून कोणीतरी कुलूप घालून जातं आणि किल्ल्या करणारे पायरीवर बसून वकील शोधतात, हे ऐकून मीही हसले असते. फक्त दुकान आमचं होतं आणि आत आजोबा होते.

दुकान आत्या चालवते. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. तिनं लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणते, "किल्ली बसली नाही." मी तिच्या हाताखाली काम करते. त्याआधी मी कायद्याच्या कॉलेजात एक वर्ष काढलं होतं, त्यामुळे घरात मला अर्धी वकील समजतात. कुठली अर्धी, ते कोणी विचारत नाही.

त्या दुपारी आत्या एका बाईंना त्यांच्याच बाथरूममधून सोडवायला गेली होती आणि मी पितळी पट्ट्या आणायला बाजारात. आजोबा दार लोटून मागच्या खोलीत झोपले होते, जसे ते दुकान त्यांच्या नावावर होतं तेव्हापासून झोपत आलेत. तेवढ्यात मालक आले आणि कोयंड्यात कुलूप अडकवून निघून गेले.

मालक म्हणजे इमारतीचे मालक. शेजारचे गाळे त्यांनी आधीच रिकामे करून घेतले होते. मधल्या भिंती पाडून त्यांना तिथे गाद्यांचं मोठं दुकान काढायचं होतं. आम्ही निघत नव्हतो. आजोबांनी त्यांना एकदा समजावूनही सांगितलं होतं, "तुम्हाला लोकांनी झोपावं असंच वाटतंय ना? मग मी रोज दुपारी तुमचीच जाहिरात करतो." मालकांना ते पटलं नव्हतं.

मी बाजारातून आले तेव्हा आत्या पायरीवर बसून फडक्यानं हात पुसत होती. दाराला भलंमोठं लिव्हरचं कुलूप. दाराशेजारच्या खिडकीत, म्हणजे ज्या वीतभर जाळीतून आम्ही गिऱ्हाइकाला किल्ली देतो त्या भोकात, आजोबांचा चेहरा.

"आजोबा! तुम्ही आत कसे?"

"मी आतच होतो," आजोबा म्हणाले. "बाहेरचे लोक बदलले."

"आत्या, उघड की! तुला काय वेळ लागतो?"

आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिला पाकीट मारायला सांगितलंय.

इथे आमच्या धंद्याचा एक नियम सांगायला हवा. आजोबांनी तो आत्याला शिकवला आणि आत्यानं मला. कुलूप ज्याचं, तो समोर उभा पाहिजे आणि त्यानं तोंडानं 'उघडा' म्हणायला पाहिजे. मान हलवलेली चालत नाही. फोनवर चालत नाही. एकदा एका नवऱ्यानं बायकोच्या कपाटाबद्दल "उघडा" म्हटलं, तेव्हा आत्या कपाटासमोर बसून बायको कामावरून येईपर्यंत वाट पाहत राहिली. बायको आली, "नको" म्हणाली, आणि आत्या चहा पिऊन परत आली. म्हणूनच लोक आम्हाला विश्वासानं घरात घेतात.

"पण दार आपलं आहे ना?"

"दार आपलं. कुलूप त्याचं." आत्या उठली. "आणि शिवाय मी आत्ता उघडलं तर तो उद्या दुसरं लावेल. मग काय, जन्मभर तो लावणार आणि मी उघडणार? तो काय संसार आहे?"

"मी बाहेर येणार नाही हं," आजोबा जाळीतून म्हणाले. "मी बाहेर आलो की दुकान गेलं. आत मोरी आहे, पंखा आहे, रेडिओ आहे. गोळ्या तेवढ्या आणून दे. आणि वकील."

समोरच्या शिंप्यानं माहिती पुरवली. मालकांनी उद्याचा दिवस सोडून परवा सकाळी भिंत पाडायचं यंत्र सांगितलंय. आणि माझ्या अर्ध्या वकिलीला आठवलं, की परवापासूनच कोर्टाला लांब सुट्टी लागते. म्हणजे जे काही व्हायचं ते उद्या. उद्या कोर्टानं मालकांना थांबवलं नाही, तर सुट्टी संपेपर्यंत आमच्या दुकानात कोणीतरी गाद्या दाबून बघत असेल. आणि आजोबांचं काय झालं असेल, ते मला डोळ्यांसमोर आणायचं नव्हतं, कारण ते बाहेर येणार नव्हते हे मला माहीत होतं. आमच्या घरात कोणी उगाच बोलत नाही.

संध्याकाळी आम्ही वकील शोधायला निघालो.

पहिल्या वकिलांचं ऑफिस काचेचं होतं. भिंती काचेच्या, टेबल काचेचं. टेबलामागच्या मुलीच्या चेहऱ्यावरसुद्धा आतलं काही नाही असं वाटावं इतकी चकाकी होती.

"तातडीचं आहे का?" तिनं विचारलं.

"हो."

"मग सुट्टीनंतरची वेळ देते."

"अहो, तातडीचं आहे."

"म्हणून तर लगेच सुट्टीनंतरची. साधं असतं तर पुढच्या वर्षीची दिली असती."

आत्या मात्र मघापासून दाराकडे बघत होती. बाहेर पडल्यावर म्हणाली, "एवढी काच, आणि कुलूप मात्र सायकलचं लावलंय."

दुसरे वकील घरी भेटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "बाई, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात."

"मग तुम्ही रोज काय करता?" आत्यानं विचारलं.

वकिलांनी डोळे उघडले. "मला म्हणायचंय, मिटवून टाका. भावना जरा बाजूला ठेवा."

"ठेवल्या असत्या. पण सामान ठेवायची जागा बंद आहे सध्या."

तिथून आम्ही बाहेर पडलो, म्हणजे काढले गेलो.

कोर्टाजवळ झेरॉक्सचं एक दुकान आहे. तिथला माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या भानगडींच्या प्रती काढतो, त्यामुळे त्याला सगळं माहीत असतं. त्याला मी म्हटलं, "उद्याच्या उद्या अर्ज चालवणारा वकील पाहिजे." त्यानं मान वर न करता जिन्याकडे बोट केलं. "तातडीकाका. दुसरं काही घेतच नाहीत."

जिना चढताना माझ्या डोळ्यांसमोर एक चपळ, घाम पुसणारा, एका हातात फोन नि दुसऱ्यात फाइल घेतलेला माणूस आला होता. वर खिडकीशी एक गृहस्थ बसले होते आणि बशीत ओतलेल्या चहाकडे बघत होते. चहा थंड व्हायची वाट बघत असावेत, असं मला वाटलं. नंतर कळलं, तो केव्हाच थंड झाला होता.

"बसा," ते म्हणाले. त्या शब्दाच्या सुरुवातीला मी उभी होते. शब्द संपेपर्यंत बसून, खुर्ची पुढे ओढून, पिशवी मांडीवर घेऊन झालं होतं.

"तुम्हीच तातडीकाका?"

त्यांनी यावर विचार केला. "हो."

"आमचं काम फार घाईचं आहे."

"सगळ्यांचंच असतं. म्हणून मी करत नाही. घाई." त्यांनी बशी उचलली. "तुम्ही दोघी करताय, तेवढी पुरे."

मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्यांचे प्रश्न छोटे होते आणि दोन प्रश्नांच्या मध्ये खाली चौकातला सिग्नल बदलत होता.

"आत कोण आहे?"

"वडील," आत्या म्हणाली.

"काय करताहेत?"

"रेडिओ ऐकताहेत."

"त्रास?"

"बॅटरी संपत आलीय."

तातडीकाकांनी लिहिलं. पेन थांबलं. "कुलपाला तुमच्याकडून कोणी काही केलेलं नाही ना? तोडफोड, ओढाताण?"

"छे!" आत्या म्हणाली. "तोडफोड करायला आम्ही काय चोर आहोत?"

हे उत्तर मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. पुढे ते मला शब्दशः आठवणार होतं.

"बरं. घेतो मी काम." त्यांनी टेबलाचा खण ओढला. तो हलला नाही. पुन्हा ओढला. "शिक्का आत आहे. आणि वकीलपत्राचे कागद. किल्ली मागच्या तातडीत कुठेतरी गेली."

आत्याचा हात केसांतल्या पिनेकडे गेला आणि तिथेच थांबला. "खण कोणाचा?"

"माझा."

"तुमचा म्हणजे तुमचाच ना? भागीदार, भाऊ, कोणी?"

"माझा एकट्याचा."

"मग म्हणा."

"काय?"

"उघडा म्हणा."

तातडीकाकांनी आत्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू वर येत होतं. ते हसू आहे हे कळेपर्यंत मी धीर धरला. "उ-घ-डा," ते म्हणाले. शब्द संपायच्या आत खण उघडला होता.

मला वाटतं, त्या क्षणी आत्यानं त्यांना वकील नेमलं आणि त्यांनी तिला अशील. वकीलपत्रावरची सही नंतर झाली.

अर्जाचा मसुदा घेऊन मी दुकानाशी गेले आणि जाळीतून आजोबांना वाचून दाखवला. "अर्जदाराच्या वयोवृद्ध वडिलांस कोंडून ठेवण्यात आले असून—"

"कोण म्हणतं कोंडलंय? मी बसलोय."

"आजोबा, कोर्टात कोंडलंय असंच म्हणावं लागतं."

"मी माझ्या दुकानात माझ्या मर्जीनं बसलोय. कोंडलंय ते त्यांना वाटतंय. तसं लिहा."

मी तातडीकाकांना फोन केला. पलीकडे इतका वेळ शांतता होती, की फोन कट झाला असं समजून मी आजोबांना गोळ्या देऊन घेतल्या. मग आवाज आला. "आपल्या मर्जीनं बसलेल्या वडिलांस प्रतिवादीनं बाहेरून कोंडले. चालेल का, विचारा."

आजोबांना चाललं. म्हणाले, "हा माणूस बरा आहे. दम आहे त्याला."

सकाळी कोर्टाच्या आवारात मालक आधीच आले होते. सोबत त्यांचा वकील. त्याचा कोट इतका नवा होता, की खिशाची शिवण अजून उसवलेली नव्हती, त्यामुळे हात कुठे घालावा हे त्याला समजत नव्हतं. मालक आत्याला म्हणाले, "ताई, उगाच डोकं लावताय. वडलांना घेऊन घरी जा. वय काय त्यांचं!"

"तुम्हाला चावी हवी होती तेव्हा वय नव्हतं विचारलं," आत्या म्हणाली.

"आता कुलूप माझं आहे."

"हो ना. विकलंय कोणी?"

मी चमकून आत्याकडे पाहिलं. मालकांनी तोंड फिरवलं. मागे केव्हातरी त्यांनी गोदामासाठी म्हणून आमच्याच दुकानातून ते कुलूप नेलं होतं. आमच्याच दाराला आमचंच कुलूप. याला हिंमत म्हणावी की कंटाळा, मला ठरवता येईना.

न्यायाधीश एक बाई होत्या. सुट्टीच्या आधीचा दिवस असल्यानं त्यांच्यासमोर तातडीच्या अर्जांचा ढीग होता आणि ढिगामागून त्यांचा फक्त चष्मा दिसत होता. आमचा पुकारा झाला. तातडीकाका उभे राहायला लागले. ते पूर्ण उभे राहीपर्यंत नव्या कोटानं बोलून टाकलं होतं.

"मॅडम, मुळात गाळा रिकामा होता. माझ्या अशिलानं रिकाम्या गाळ्याला कुलूप लावलं. वृद्ध गृहस्थ नंतर बेकायदा आत शिरले."

"कुठून?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"खिडकीतून."

"किती मोठी आहे खिडकी?"

नव्या कोटानं मालकांकडे पाहिलं. मालकांनी छताकडे. आत्यानं दोन्ही हात वर करून खिडकीचा आकार दाखवला. त्या आकारातून फार तर एक किल्ली, किंवा बारीक आवाज, आत शिरला असता.

"पुढे," न्यायाधीशबाई म्हणाल्या, आणि खिडकीचा विषय संपला. मला वाटलं, झालं. जिंकलो.

मग नव्या कोटाला अखेर खिसा सापडला. त्यातून त्यानं फोन काढला.

"मॅडम, तातडी, तातडी म्हणताहेत. ही तातडी बघा. इमारतीच्या कॅमेऱ्यातलं आहे. माझ्या अशिलानं कुलूप लावलं त्याच दुपारचं."

फोन वर गेला, खाली आला, तातडीकाकांकडे आला आणि मग माझ्याकडे. पडद्यावर आमची गल्ली. आत्या येते. दाराचं कुलूप बघते. वाकते. केसांतली पिन काढते, आणि कुलूप उघडतं. पापणी लवते न लवते तोच. मग आत्या दार उघडत नाही. ती कुलूप हातात घेते, कानाशी नेऊन हलवते, कपाळाला आठ्या घालते, पिशवीतून तेलाची बाटली काढते, दोन थेंब सोडते, फडक्यानं पुसते. जाळीतून आजोबांचं बोट बाहेर येतं आणि कुलपाच्या खालच्या बाजूकडे दाखवतं. आत्या तिथेही एक थेंब सोडते. मग कुलूप पुन्हा कोयंड्यात अडकवते, दाबते, दोनदा ओढून बघते, आणि पायरीवर बसून हात पुसते.

त्यानंतर बाजाराची पिशवी घेऊन मी येताना दिसते. मी फार वेंधळी चालते, हे मला त्या दिवशी कळलं.

तातडीकाकांनी आत्याकडे मान वळवायला सुरुवात केली.

"म्हणजे स्वतःच्या वडिलांना स्वतःच कुलूप लावलं!" नव्या कोटाचा आवाज चढला. "जी बाई मनात येईल तेव्हा दार उघडू शकते, तिला कसली तातडी? अर्ज फेटाळावा, सुट्टीनंतर रीतसर ऐकावं."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "बाई, हे तुम्हीच?"

"हो," आत्या म्हणाली.

"कुलूप उघडून पुन्हा का लावलंत?"

"गॅरंटीत होतं."

न्यायाधीशबाई पुढे झुकल्या. "काय?"

"आमच्या दुकानातलं कुलूप आहे. वर्षभर तेलपाणी आमच्याकडे. वापरत नव्हते ते, आतून करकरत होतं. वडील म्हणाले, आवाज ऐकवत नाही, तेल घाल. घातलं." आत्याला यात स्पष्टीकरण देण्यासारखं काही वाटत नव्हतं. तेल घालणं म्हणजे कुलपाला काही करणं, असं तिच्या लेखी नाहीच. रस्त्यानं जाताना ती अनोळखी लोकांच्या फाटकांनाही तेल घालते.

"पण दार उघडलं नाहीत."

"कुलूप दुसऱ्याचं होतं. बघितलं, तेल घातलं, होतं तसं लावलं. उघडं कसं टाकणार?"

मागच्या बाकावर कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. मला मात्र हसू येत नव्हतं. मी एक वर्षच शिकले, पण तेवढं समजत होतं: तातडीच्या अर्जात तातडी नसेल तर उरतो तो नुसता कागद. आणि परवा सकाळी, म्हणजे आता उद्या सकाळी, यंत्र येणार. आजोबा आत रेडिओ लावून बसलेले. बॅटरी तर मी नवी दिली होती.

"हे पाहा," न्यायाधीशबाई आत्याला म्हणाल्या, "तुम्हाला केव्हाही दार उघडता येतं. मग आज, सगळी कामं बाजूला ठेवून, मी तुमचं का ऐकू?"

तातडीकाका तोंड उघडायच्या बेतात होते. आत्या थांबली नाही.

"मॅडम, उघडता तर मला सगळंच येतं. या गावातलं एक दार सांगा. तुमच्या या खोलीचंसुद्धा, बाहेरची कडी ढिली आहे, शिपायाला सांगा घट्ट करायला. लोक रात्री झोपतात ते कुलपांमुळे नाही. झोपतात, कारण मी विचारल्याशिवाय उघडत नाही. आता माझंच दार मी न विचारता उघडलं, तर उद्या मला कोण घरात घेईल? आणि कोणाला विचारू? यांना विचारलं तर हे नाही म्हणणार. म्हणून तुम्हाला विचारायला आलेय. उद्यापासून तुम्हीही नाही. मग काय, यांनी भिंत पाडायची, आणि मी माझा नियम पाळत बाहेर उभं राहायचं?"

"भावनिक भाषण आहे, मॅडम," नवा कोट म्हणाला.

"भावना नाहीत," आत्या त्याच्याकडे वळली. "त्या ठेवायला जागाच नाही, काल एका वकिलांना सांगितलंय."

"बाई, बसा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. आत्या बसली नाही. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं. आत्या म्हणाली, "माझं काम उभ्यानंच असतं." मी तिचा पदर ओढला. तिनं पदर सोडवून घेतला.

आणि मग तातडीकाका पूर्ण उभे राहिले.

"एकच प्रश्न," ते म्हणाले. "माझ्या विद्वान मित्रांना." खोलीभर लोक त्या वाक्याच्या शेवटाची वाट बघत राहिले. "सुट्टीनंतर रीतसर ऐकावं, म्हणतात. तोवर... गाळा... असेल ना?"

"असेल म्हणजे? इमारत कुठे जातेय?" नवा कोट म्हणाला.

"नाही, भिंत... ते यंत्र... सुट्टीनंतर येणार असेल."

घाई करणाऱ्या माणसाला एवढं हळू बोलणं सहन होत नाही. नव्या कोटाला ते वाक्य स्वतःच पूर्ण करावंसं वाटलं, आणि त्यानं केलं. "सुट्टीनंतर कशाला? यंत्र उद्या सकाळी येतंय. सगळं आधीच ठरलंय, माझ्या अशिलानं तयारी केलीय!"

मालकांनी त्याच्या नव्या कोटाची बाही धरली. पण उशीर झाला होता, आणि उशीर हा तातडीकाकांचा प्रांत.

"एवढंच," ते म्हणाले आणि बसायला लागले.

न्यायाधीशबाईंनी चष्मा पुन्हा लावला. "आत माणूस आहे, आणि उद्या सकाळी तुम्ही भिंत पाडणार?"

नवा कोट काहीतरी म्हणाला. त्यात 'म्हणजे तसं नाही' हे शब्द पुष्कळ वेळा होते.

आदेश तिथेच झाला. भिंतीला, दाराला, गाळ्याला पुढच्या तारखेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. आणि मालकांनी आजच, बेलिफाच्या, म्हणजे हुकूम बजावणाऱ्या कोर्टाच्या माणसाच्या समोर, स्वतःच्या हातानं कुलूप काढायचं. लिहून झाल्यावर न्यायाधीशबाई शिपायाला हळूच म्हणाल्या, "ती बाहेरची कडी बघून घ्या."

दुपारी गल्लीत जत्रा जमली. बेलिफ आदेशाचा कागद घेऊन आला होता. मालक आले. नवा कोट आला नाही. तातडीकाका आमच्याबरोबरच निघाले होते, पण पायी.

मालकांनी खिशातून किल्ली काढली. ती बघून आत्याचे ओठ आवळले गेले. ती आमची किल्ली नव्हती; कुठून तरी फुटपाथवर करून घेतलेली होती. मालकांनी ती घातली. फिरेना. सगळी गल्ली बघतेय म्हटल्यावर माणूस जोर लावतोच. कुलपातून एक बारीक आवाज आला आणि अर्धी किल्ली मालकांच्या हातात राहिली.

बेलिफानं कागद पुन्हा वाचला. किल्ली तुटल्यास काय करावे, हे त्यात नव्हतं.

सगळे आत्याकडे बघायला लागले. आत्यानं हाताची घडी घातली.

"गॅरंटीत बसत असेल ना?" बेलिफानं आशेनं विचारलं.

"कुलूप बसतं. बाहेरची किल्ली नाही." ती मालकांसमोर जाऊन उभी राहिली. "कुलूप कोणाचं?"

मालकांनी हातातली अर्धी किल्ली उलटसुलट करून पाहिली.

"सकाळी तर सांगत होता."

"माझं," मालक दातांतून म्हणाले.

"मग म्हणा."

"ताई, आता तमाशा नको."

"तमाशा नाही, नियम आहे. कोर्टाच्या बेलिफासमोर मी दुसऱ्याचं कुलूप न विचारता उघडू?"

शिंपी कात्री हातात तशीच घेऊन बाहेर आला होता. बेलिफानं मालकांकडे पाहून घड्याळावर बोट आपटलं. मालकांनी इकडे तिकडे पाहिलं, मान खाली घातली आणि पुटपुटले.

"मोठ्यानं. आत वडील आहेत, त्यांनाही कळू दे."

"उघडा!" मालक ओरडले.

आत्यानं आधी तुटका तुकडा चिमट्यानं काढला, मग पिन घातली. कुलूप उघडलं, आवाजसुद्धा झाला नाही, तेल ताजं होतं. तिनं ते पुसून मालकांच्या हातात ठेवलं. "सांभाळा. गॅरंटी आहे अजून."

मी दार ढकललं. दार हललं नाही.

"आजोबा?"

जाळीत आजोबांचा चेहरा आला. "आतून कडी घातलीय."

"आजोबा, जिंकलो आपण! कोर्टानं आदेश दिलाय!"

"बाहेरच्या कुलपाबद्दल दिलाय ना? कडीबद्दल आहे का काही?"

बेलिफानं कागद तिसऱ्यांदा वाचला आणि मान हलवली. नव्हतं.

"मग थांबा. दुकान दुपारचं बंद असतं," आजोबा म्हणाले. "आजवर कधी उघडं ठेवलंय का? ह्यांनी कुलूप लावलं म्हणून माझी झोप मोडणार नाही, आणि ह्यांनी काढलं म्हणूनही नाही." जाळीची झडप लागली.

आम्ही पायरीवर बसलो. आत्या, मी, बेलिफ. बेलिफाला दार उघडलेलं डोळ्यांनी बघून सही करायची होती, त्यामुळे तो हलू शकत नव्हता. त्याच्या शेऱ्यावर मालकांचीही सही लागत होती, त्यामुळे तेही नाही. ते थोडा वेळ उन्हात उभे राहिले आणि मग आत्यापासून जमेल तितक्या दूर, त्याच पायरीच्या टोकाला टेकले. आतून घोरण्याचा आवाज येऊ लागला. खरं घोरणं नव्हतं ते. खऱ्यात मध्ये शिट्टी असते.

गल्लीच्या वळणावर तातडीकाका दिसले. छत्री उघडी धरून, एकेक पाऊल तपासून टाकत येत होते. आत्यानं सरकून त्यांच्यासाठी पायरीवर जागा केली. ते बसले, दाराकडे पाहिलं, सगळ्यांकडे पाहिलं.

"काय तातडी आहे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," आत्या म्हणाली. "आज दुकान उघडायचंय."

त्यानंतर बऱ्याच वेळानं आतली कडी सरकली. आजोबा दारात आले, डोळे चोळले, आणि पायरीच्या टोकाला बसलेल्या माणसाच्या हातातल्या अर्ध्या किल्लीकडे बघून म्हणाले, "दुसरी करायची का? बसा तिथेच. रांगेत आधी बेलिफ आहे."